बादुआनजिन : शरीराला बळ देणाऱ्या आठ चिनी क्रिया घरी कशा कराव्यात

चिनी वैद्यकातला वैद्य नाडी आणि जीभ बघताना मनात दोन गोष्टींचा हिशेब मांडत असतो. समोरच्या माणसाची स्वतःची ताकद किती शिल्लक आहे, ही एक. बाहेरून आत काय शिरलंय, ही दुसरी. ताकदीला ते ‘झेंग’ म्हणतात आणि शिरलेल्या उपद्रवाला ‘शिए’. वारा, थंडी, उन्हाचा दाह, ओल, कोरडेपणा, आग असे शिएचे सहा बाहेरचे प्रकार मानलेत. झेंगला आधार द्यायचा आणि शिएला हुसकून लावायचं, हे या वैद्यकाचं मूळ सूत्र. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या ग्रंथात म्हटलंय की शिए जिथे गोळा होतो, तिथली शक्ती आधीच उणी पडलेली असते. म्हणून दुखणं नसतानाच्या दिवसांत काय करता, याला तिकडे फार किंमत आहे.

हुसकण्याचं काम वैद्यावर सोडावं. बळ राखण्याचं काम मात्र घरी होतं, आणि त्यासाठी चीनमध्ये सर्वांत जास्त लोक करतात अशा व्यायामांपैकी एक म्हणजे बादुआनजिन. नावाचा अर्थ ‘रेशमी किनखापाचे आठ तुकडे’. बीजिंगच्या तियानतान उद्यानात सकाळी गेलात तर झाडांखाली म्हाताऱ्या माणसांचे गट अशाच संथ क्रिया करताना दिसतात. या प्रकारच्या व्यायामाची परंपरा फार जुनी. हुनान प्रांतातल्या चांगशा शहराजवळ मावांगदुई इथे इ.स.पूर्व 168 मध्ये बंद केलेली एक कबर 1973 मध्ये उघडली, तेव्हा रेशमावर रंगवलेलं एक चित्र हाती आलं. त्यात 44 माणसं व्यायाम करताना दाखवलीत. बाया, पुरुष, तरुण, वयस्क, सगळे आहेत. बादुआनजिन हे नाव मात्र सोंग राजवटीच्या (इ.स. 960 ते 1279) काळातलं. आज बहुतेक ठिकाणी शिकवतात तो क्रम चीनच्या सरकारी क्रीडा खात्याने 2003 मध्ये प्रमाणित केला. तोच इथे देतोय. पूर्ण क्रमाला साधारण बारा मिनिटं लागतात.

सुरुवातीची तयारी

जागा दोन्ही हात बाजूला पसरता येतील एवढी हवी, जमीन सपाट आणि कोरडी. पंख्याचा झोत थेट अंगावर नको. घामेजलेल्या अंगात वारा मानेकडून शिरतो असं तिकडचे लोक मानतात, त्यामुळे व्यायामानंतर मान पुसून घेण्याची पद्धत आहे. जेवणानंतर तासभर तरी जाऊ द्या. कपडे सैल घाला.

पाय खांद्यांइतके फाकवून उभे राहा, पावलं समांतर. गुडघे किंचित सैल, शेपटीचं हाड खाली सोडलेलं, खांदे उतरलेले. बेंबीसमोर दोन्ही हातांत मोठा चेंडू धरल्यासारखे हात गोल ठेवा. श्वास नाकाने घ्या आणि मिनिटभर असेच उभे राहा. सूर्यनमस्काराची सवय असलेल्यांची पहिली चूक वेगाची होते. इथे दम लागेपर्यंत काहीच करायचं नाही. हात वर जाताना श्वास आत, खाली येताना बाहेर, आणि हाताचा वेग श्वासाने ठरवायचा.

आठ क्रिया

प्रत्येक क्रियेला पारंपरिक कवनाची एक ओळ आहे. ओळीत काय करायचं आणि कशासाठी, दोन्ही येतं. पहिली ओळ सांगते, ‘दोन्ही हातांनी आभाळ पेला, सान जिआओ मार्गी लावा.’ सान जिआओ म्हणजे धडाचे तीन टप्पे, छाती, पोट आणि ओटीपोट. ऊब आणि पाणी यांची वाहतूक त्यांतून चालते अशी कल्पना. बोटं ओटीपोटासमोर गुंफा, तळवे वर. हात छातीपर्यंत आणा, तिथे तळवे उलटवा आणि डोक्यावर सरळ ढकला. नजर हातांमागे वर जाते, मग हनुवटी खाली घेऊन समोर बघा आणि क्षणभर त्याच ताणात थांबा. तो थांबाच महत्त्वाचा, बगलेपासून कमरेपर्यंतची पूर्ण बाजू तिथे उघडते. मग बोटं सोडून हात दोन्ही बाजूंनी खाली आणा, गुडघे थोडे वाकवा. सहा वेळा.

दुसरी, ‘गरुड टिपायला धनुष्य ओढा.’ डावा पाय बाजूला टाकून घोड्यावर बसल्यासारखी बैठक घ्या, जेवढी झेपेल तेवढीच खोल. मनगटं छातीसमोर एकमेकांवर ठेवा. उजव्या हाताची बोटं पंजासारखी वळवून तो खांद्यापर्यंत मागे खेचा, जणू दोरी ओढताय. त्याच वेळी डावा हात डावीकडे ढकला, अंगठा आणि तर्जनी ताठ, बाकीची बोटं वळवलेली, मनगट मागे मोडलेलं. नजर तर्जनीच्या टोकापलीकडे. नीट केलंत तर अंगठ्यापासून दंडापर्यंत आणि पुढे छातीत एक रेघ ताणल्यासारखी जाणवेल. फुप्फुसाची वाहिनी, म्हणजे शक्ती वाहण्याचा मार्ग, हाताच्या याच कडेने अंगठ्यापर्यंत जाते असं चिनी वैद्यक सांगतं. दिवसभर संगणकासमोर खांदे आवळून बसणाऱ्याला या आठांतून एकच क्रिया करायची असेल तर मी हीच सांगेन. डावी आणि उजवी मिळून एक, अशी तीन वेळा.

तिसरी प्लीहा आणि जठरासाठी. चिनी वैद्यकात अन्नातून बळ तयार करण्याचं काम या जोडीचं. डावा तळवा डोक्यावर आभाळाकडे, बोटं उजवीकडे वळलेली. उजवा तळवा कमरेशेजारी जमिनीकडे, बोटं पुढे. एक हात वर रेटतो, दुसरा खाली, आणि मधलं पोट पिळलं न जाता उभं ताणलं जातं. मग हात बदला. तीन फेऱ्या.

चौथीत फक्त मागे बघायचं आहे. हात शरीरापासून थोडे दूर, तळवे बाहेरच्या बाजूला फिरवा, छाती आपोआप उघडेल. मान डावीकडे वळवून तिरपं मागे बघा, मग उजवीकडे. धड हलता कामा नये. ओळीत ‘पाच झिजा आणि सात इजा’ यांवर ही क्रिया सांगितलीय, आणि अतिश्रम, काळजी, राग यांनी झिजलेल्या माणसासाठी ती एवढी सोपी ठेवलीय हे मला फार समजूतदारपणाचं वाटतं. तीन फेऱ्या.

पाचवी सर्वांत अवघड. ‘डोकं डोलवा, शेपटी हलवा, हृदयातली आग घालवा.’ आग म्हणजे तळमळ, झोप न लागणं, तोंड येणं. रुंद बैठकीत हात मांड्यांवर ठेवा. उजवीकडे झुका, तिथून धड पुढून अर्धवर्तुळात डावीकडे न्या, नजर पायाकडे. मग शेपटीचं हाड उलट दिशेने फिरवत डोकं मागून वर आणून सरळ व्हा. पुढच्या वेळी दिशा उलटी. पहिले पंधरा दिवस हिचं अर्धंच रूप करा, बैठक उथळ, फेरा लहान. रक्तदाब असलेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी आणि काचबिंदू असलेल्यांनी डोकं खाली न्यायचंच नाही. तीन फेऱ्या पुरतात.

सहावी कमरेसाठी आणि मूत्रपिंडांसाठी. हात वर नेऊन छातीसमोरून खाली घ्या, बगलेखालून पाठीवर न्या, आणि तळव्यांनी पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजू चोळत कुल्ल्यांपर्यंत या. तसेच वाकत पायांच्या मागच्या बाजूने घोट्यांपर्यंत उतरा आणि हात पावलांवर ठेवा. गुडघे सरळ राहणं अपेक्षित आहे, पण कमरेत कळ येत असेल तर वाकवा आणि पोटऱ्यांवर थांबा. उठताना आधी हात पुढे लांब करा, ते धडाला वर घेऊन येतील. सहा वेळा.

सातवीत मुठी वळून डोळे वटारायचे. अंगठा मुठीच्या आत. बैठकीत बसून एक मूठ हळूहळू समोर न्या, डोळे मोठे करून तिच्याकडे रोखून बघा. मग मूठ उघडा, मनगट फिरवा, पुन्हा घट्ट पकडून कमरेशी आणा. चिनी वैद्यकात डोळे यकृताशी जोडलेत आणि राग यकृतात साठतो असं मानतात, म्हणून हा राग मुद्दाम डोळ्यांतून बाहेर काढायचा. तीन फेऱ्या.

शेवटची ओळ म्हणते, ‘टाचा सात वेळा आपटा, शंभर आजार दूर पळवा.’ पाय जोडा, टाचा उचला, डोक्याच्या शेंड्याने वर खेचल्यासारखे ताठ व्हा. दोन क्षण तोल धरा. दात अलगद मिटलेले असू द्या, नाहीतर जीभ चावली जाईल. निम्म्या वाटेपर्यंत सावकाश उतरा आणि उरलेलं अंतर टाचा सोडून द्या, म्हणजे हलका धक्का मणक्यातून डोक्यापर्यंत जाईल. हा धक्का जोराचा नको. ज्यांची हाडं ठिसूळ झालीत, मणक्याचं फ्रॅक्चर किंवा शस्त्रक्रिया झालीय, किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी टाचा आवाज न होता टेकवाव्यात. सात वेळा.

शेवटी दोन्ही तळवे बेंबीखाली एकावर एक ठेवून मिनिटभर उभे राहा.

पहिल्या आठवड्यात पहिल्या चार क्रिया पुरेत, नंतर दर दोन-तीन दिवसांनी एक वाढवा. रोज सकाळी एकदा केलंत की झालं. रविवारी तासभर करून आठवड्याचा हिशेब चुकता होत नाही. गुडघेदुखी असेल तर खुर्चीवर बसून हातांच्या क्रिया तेवढ्या करा. मधुमेह, रक्तदाब, क्षय, काहीही असो, चालू औषध या व्यायामाच्या भरवशावर बंद करायचं नाही.

ताप आला तर

हा भाग बहुतेकांना कोणी सांगत नाही, आणि मला तो क्रियांइतकाच महत्त्वाचा वाटतो. ताप, अंगदुखी, घसादुखी सुरू झाली की बादुआनजिन थांबवा. बळ वाढवणारा जड आहार आणि टॉनिकही थांबवा. चिनी वैद्यांची यावर एक म्हण आहे : दार लावून घेतलं आणि दरोडेखोर आतच राहिला. शिए आत असताना शरीर बंदिस्त आणि भरभक्कम करायला गेलात तर तो मुक्काम ठोकतो. आधी त्याला वाट द्यायची, भिंती मग मजबूत करायच्या. 2020 मध्ये वुहानच्या तात्पुरत्या रुग्णालयांत कोविडचे रुग्ण बादुआनजिन करत होते हे खरं, पण ते सौम्य आजाराचे रुग्ण होते आणि डॉक्टर समोर होते.

वाट देतानाही झेंगला विसरायचं नाही, हे साधारण अठराशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या झांग झोंगजिंग या वैद्याने फार सुंदर दाखवलंय. थंडी बाधून ताप आलेल्या, पण घाम सुटत असलेल्या अशक्त रुग्णाला त्याने दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, पांढऱ्या पिओनी या फुलझाडाचं मूळ, आलं, चिनी खजूर आणि ज्येष्ठमध यांचा काढा दिला. आणि सोबत सूचना लिहिल्या. काढा घेतल्यावर थोड्या वेळाने गरम, पातळ पेज प्या म्हणजे औषधाला जोर येईल. अंगावर पांघरूण घेऊन पडा. सगळं अंग हलकंसं ओलावलं पाहिजे, घामाच्या धारा लागता कामा नयेत, धारा लागल्या तर आजार जाणार नाही. थंड, कच्चं, चिकट, मांस, मद्य आणि दह्यासारखे पदार्थ वर्ज्य.

काढा वैद्याशिवाय घेऊ नका. चिनी वनौषधी ऑनलाइन मागवून तर मुळीच नको. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी अरिस्टोलोकिया या विषारी वनस्पतीची जात गेली आणि कित्येक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. सूचनांचा उरलेला भाग मात्र आपल्या स्वयंपाकघरात बसतो. कोकणात तापकऱ्याला देतात तीच पेज, मीठ आणि आल्याचा तुकडा घालून, वाफाळती. घोट घोट प्या, पांघरूण घ्या, घाम मानेवर आणि कपाळावर दिसला की एक थर काढा, अंग पुसा, कपडे बदला. अंग तापाने फणफणत असेल तेव्हा पांघरुणं लादू नका. ताप तीन दिवसांत उतरला नाही, धाप लागली, किंवा लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई आजारी असेल तर थेट डॉक्टरकडे.

ताप उतरल्यावर दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्या. तिसऱ्या दिवशी पोटाला भूक लागते का ते बघा. भूक परतली असेल तर पहिली आणि तिसरी क्रिया प्रत्येकी तीन वेळा करा, बाकी काही नाही. त्यानंतर थकवा आला नाही तर दुसऱ्या दिवशी चौथी जोडा. धनुष्याची बैठक आणि डोकं डोलवणं आठवड्यानंतर. खोकला मागे राहिला असेल तर टाचांचा धक्का तो थांबेपर्यंत नको.