ओटीपोटात मार लागला किंवा अचानक कळ आली तर : ओव्हरीचं काय करायचं

आधी एक गोष्ट, ओव्हरी (अंडाशय) ही बदामाएवढी, साधारण ३ सेंटीमीटरची, आणि कंबरेच्या हाडांच्या आत खोल बसलेली असते, त्यामुळे गाडीवरून पडलं की थेट तिलाच मार लागला असं फार कमी होतं. पण तिच्यावर आधीपासून सिस्ट असेल, म्हणजे पाण्याची किंवा रक्ताची गाठ, तर मग स्कूटीचं हँडल पोटात घुसणं, सीटबेल्टचा हिसका, एवढंच काय जड उचलणं किंवा संबंधानंतरही ती फुटू शकते आणि आत रक्त साचतं. दुसरा प्रकार म्हणजे ओव्हरीला पीळ बसणं, त्यात मार लागायचीही गरज नसते.

आपल्याकडे काय होतं, मुलगी पोट धरून बसली की घरचे म्हणतात नळ भरलेत, चल चोळून घे, नाहीतर पाळीचं असेल, मेफ्ताल घे आणि झोप. तर चोळायचं अजिबात नाही!! पाळीचं दुखणं हळूहळू चढतं आणि दर महिन्याला साधारण सारखंच असतं. ओव्हरीचं दुखणं मात्र एका बाजूला, बरेचदा उजवीकडे, एकदम सुरू होतं, कधी पळताना नाहीतर व्यायाम करताना, आणि पीळ असेल तर सोबत उलट्या होतात, कळ मध्येच कमी होऊन परत येते, म्हणून लोक फसतात.

चक्कर, घाम, हातपाय गार, पोट फुगून कडक, किंवा खांदा दुखतोय (आतलं रक्त वर सरकून छाती-पोटामधल्या पडद्याला लागलं की खांदा दुखतो, विचित्र आहे पण खरंय) यातलं काहीही असेल तर थेट १०८ ला फोन, महाराष्ट्रात नि गोव्यात दोन्हीकडे चालतो. पेशंटला आडवं झोपवा, स्वतः गाडी चालवत जाऊ देऊ नका, आणि तोंडातून काही देऊ नका, चहाही नाही, कारण ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं लागतं.

वाटेत मोबाईलवर एवढं टाइप करून ठेवा: दुखणं किती वाजता सुरू झालं, शेवटची पाळी कधी आली, शेवटचं कधी खाल्लं, कुठल्या गोळ्या चालू आहेत (रक्त पातळ करायची असेल तर पहिल्यांदा तेच सांगा), आधी सोनोग्राफीत गाठ निघाली होती का. जुना रिपोर्ट सापडला तर फोटो काढून घ्या.

कॅज्युअल्टीत लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करतातच, लग्न झालेलं असो वा नसो, कारण गर्भ नळीत राहून नळी फुटली तरी अगदी असंच दुखतं आणि ते जिवावर बेततं. इथे काकू-मावशींना जरा बाहेर पाठवा, मुलगी एकटी असली की खरं सांगते. मग हिमोग्लोबिन, ब्लड ग्रुप, सोनोग्राफी, अपघात असेल तर बहुतेक सीटीसुद्धा. लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफी पोटावरून होते, तसं आधीच सांगा.

गाठ फुटलीय पण बीपी, नाडी ठीक असेल तर बरेचदा ऑपरेशन लागतच नाही, ॲडमिट करून सलाईन, पेनकिलर आणि काही तासांनी परत हिमोग्लोबिन. ते उतरत गेलं किंवा बीपी पडलं तर दुर्बिणीतून रक्तस्राव थांबवतात, हालत फारच वाईट असेल तर पोट उघडून.

पीळ असेल तर मात्र वाट बघायची नाही, जितका वेळ जाईल तितका ओव्हरीचा रक्तपुरवठा तुटत जातो. डॉप्लरमध्ये (सोनोग्राफीतच रक्तप्रवाह बघतात ते) रक्त वाहताना दिसलं तरी पीळ असू शकतो, त्यामुळे "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून घरी पाठवत असतील आणि कळ तशीच असेल तर गायनॅकला बोलवा म्हणून ठामपणे सांगा. ऑपरेशनच्या कागदावर सही करायच्या आधी विचारा, पीळ सोडवून ओव्हरी ठेवणार ना? पूर्वी काळीनिळी दिसली की काढून टाकायचे, आता सोडवून आतच ठेवतात आणि बहुतेक वेळा ती परत काम करायला लागते. काढावीच लागली तरी दुसरी चांगली असेल तर पाळी येते, मूलही होऊ शकतं, सासरच्यांनी उगाच तोंडं पाडायची गरज नाही.

अपघात असेल तर हॉस्पिटल एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) करेल, घाबरू नका, तो कागद इन्शुरन्सला लागतो. गाठ काढली असेल तर तपासणीला पाठवलीय का विचारा आणि तो रिपोर्ट स्वतः जाऊन घ्या. गाठ आत ठेवली असेल तर साधारण ६ ते ८ आठवड्यांनी परत सोनोग्राफी, तोपर्यंत जिम आणि जड बादल्या बंद.