‘मॅडम, स्वीकारलं, तरी घबराट जात नाही’: थेरपीतल्या या चुका टाळा

नाशिकच्या द्वारका चौकात स्कूटरवर अडकलेली एक बाई. हेल्मेटच्या आत घाम, छातीत धडधड. आदल्या आठवड्यात सेशनमध्ये ऐकलेलं आठवून ती मनात घोकत होती, ‘स्वीकारलं, स्वीकारलं, स्वीकारलं, आता जा.’ पुढच्या सेशनला माझ्यासमोरच्या खुर्चीत बसता बसता तिचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, चांगली दोन मिनिटं स्वीकारलं. तरी गेली नाही!"

मला हसू आलं, तिलाही आलं. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.) पण बाकीच्या बऱ्याच चुका याच चुकीच्या पोटी जन्मतात, म्हणून तिच्यापाशी जरा थांबते.

अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी, थोडक्यात ‘अ‍ॅक्ट’, ही पद्धत अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांनी १९८०च्या दशकात उभी करायला घेतली. पॅनिक अ‍ॅटॅक म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगलेलं होतं. या पद्धतीचं मुख्य म्हणणं असं, की घबराटीपेक्षा ती टाळायची धडपड माणसाला जास्त अडकवते. आधी बस सुटते, मग लग्नकार्यं सुटतात, मग नोकरीवर येतं. स्वतःला इजा करणं हेही अनेकांच्या बाबतीत याच धडपडीचं टोक असतं, आतलं असह्य काहीतरी क्षणभर थांबावं म्हणून केलेलं. ‘लक्ष वेधून घ्यायला करते’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते, मग पूर्ण बाह्यांचे कपडे घालून ती ते लपवते कशाला?

तर ‘स्वीकारलं, आता जा’ हे दार उघडून पाहुण्याला बाहेर ढकलणं झालं. घड्याळाकडे नजर गेली, ‘गेली का, गेली का’ सुरू झालं, की समजायचं आपण पुन्हा ढकलतोय. त्याऐवजी धडधड नेमकी कुठे आहे ते बघायचं. घशात की बरगड्यांखाली, गरम की जड. आणि सिग्नल सुटला की गाडी पुढे घ्यायची, धडधडीसकट. ती कमी झाली तर बरंच, पण आपलं काम गाडी पुढे नेण्याचं.

दुसरा घोळ, नको ते स्वीकारणं. एका ताईंनी नवऱ्याची मारहाण ‘स्वीकारायला’ घेतली होती. नाही! स्वीकारायची ती आपल्या आतली भीती, लाज, दुःख. मार खाणं नाही, साहेबाची शिवीगाळ नाही. तसंच इजा करण्याची ऊर्मी आली हे मान्य करायचं, इजा करणं मान्य करायचं नाही. ही रेघ पहिल्याच सेशनला आखून घ्या.

ऊर्मीबद्दल बोलताना मी नाशिककरांना गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीची आठवण देते. पावसाळ्यात गोदेला पूर आला की आपण पाणी मारुतीवरच मोजतो, गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं. ऊर्मीही तशीच चढते आणि तशीच उतरते. फक्त चढताना वाटतं, आता हे उतरणारच नाही. म्हणून विचारते, "आज मारुती कुठवर बुडालाय?" कमरेपर्यंत असेल तर काठावर बसून बघता येतं. खांद्यापर्यंत गेलं की बघत बसायचं नाही, माणूस गाठायचा. ज्या वस्तूकडे हात जातो ती आधीच, कोरड्या दिवशी, घरातल्या कुणाच्या तरी ताब्यात द्यायची. आणि काठावर बसण्याचा सराव पुराच्या दिवशी सुरू करणं ही चूकच. तो रोजच्या चहाच्या वेळी, साध्या कंटाळ्यावर, रांगेतल्या चिडचिडीवर करायचा.

मनात जीव देण्याचे विचार असतील, तर पुढचं सेशन कधी आहे हे बघत बसू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर ११२ लावा, नाहीतर थेट जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. पोलिस केस होईल या भीतीने घरचे उशीर करतात. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि शिक्षेऐवजी उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरते.

अ‍ॅक्टमध्ये आपल्याला मनापासून काय महत्त्वाचं आहे, म्हणजे आपली मूल्यं, हेही शोधायचं असतं. तो विषय निघाला की माणसं शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासाला बसल्यासारखी बोलतात, ‘प्रामाणिकपणा, वक्तशीरपणा.’ ते सोडा. ओझरला राहणाऱ्या बहिणीकडे दीड वर्ष गेला नाहीत, ते खुपतं ना? तेच तुमचं मूल्य. मग या आठवड्यात बसने दोन स्टॉप, बस्स.

घरच्यांची एक चूक मला सगळ्यात जास्त छळते, ती म्हणजे शपथ. ‘माझ्या गळ्याची शपथ, पुन्हा करणार नाहीस.’ शपथ घातली की इजा थांबत नाही, सांगणं थांबतं. रोज हात तपासण्यानेही तेच होतं. सरळ विचारा, "आज तसं वाटतंय का?" विचारल्याने डोक्यात नवीन काही शिरत नाही.

औषधांबद्दल थोडक्यात. ‘आता थेरपी सुरू आहे’ म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका, सायकियाट्रिस्टला विचारा. आणखी एक खरं सांगायला हवं. चिंतेसाठी अ‍ॅक्टचा पाया चांगला आहे, पण वारंवार इजा होत असेल तर मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीवर, म्हणजे डीबीटीवर, जास्त अभ्यास झालेला आहे. तिच्यातही स्वीकार आहेच, जोडीला संकटात तग धरण्याची कौशल्यं शिकवतात. आपल्या थेरपिस्टला त्याबद्दल विचारायला संकोच नको.

शेवटची चूक, चार महिने बरे गेल्यावर एकदा पुन्हा इजा झाली की सेशनच बंद करायचं. लाजेने. सिडकोतली एक मुलगी अशीच तीन आठवडे गायब झाली. आली तेव्हा मी ‘का केलंस’ विचारलं नाही. त्या संध्याकाळपासून आम्ही एकेक कडी मोजत मागे गेलो. रात्रीचं भांडण, त्याआधी भावाचा फोन, त्याआधी बसमधलं डोकं दुखणं, त्याआधी ऑफिसात न उघडलेला डबा. भाऊ काही आमच्या हातात नव्हता. पुढच्या आठवड्याचा गृहपाठ ठरला, दुपारी दीडला डबा खायचा.