साप्ताहिकाची नावपट्टी बिघडते कुठे? या चुका टाळा

"भाऊ, नाव दुरून दिसलं पाह्यजे." साप्ताहिक काढायला निघालेला माणूस दुकानात आल्या आल्या हेच म्हणतो. मग बैलजोडी, उगवता सूर्य, दोन संतांचे फोटो, पेनाची निब असं सगळं पहिल्या पानावरच्या नावाच्या पट्टीत कोंबायला लावतो आणि नाव उरलेल्या जागेत बसवतो. यवतमाळ जिल्ह्यात डीटीपी करताना अशा पट्ट्या मीही केल्या आहेत.

सगळ्यात मोठा घोळ 'वऱ्हाड' या शब्दाचा. युनिकोडमध्ये साधा र, हलन्त आणि ह टाइप केला की रफार वर उडतो आणि 'वर्हाड' उमटतं. इथे नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग ह असंच टाइप करायचं. एकदा माझ्या हातून 'वर्हाड'च छापून गेलं. पारावर अंक उघडला आणि पहिल्याच म्हाताऱ्याने विचारलं, "हे वर्हाड कुठचं बाप्पा?"

नाव पट्टीभर होत नाही म्हणून अक्षर आडवं ताणू नका. काने जाड होतात, शिरोरेघ होती तेवढीच राहते. अक्षरांत अंतर वाढवावं तर शिरोरेघच तुटते. त्यापेक्षा पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून नाव लिहून घ्या आणि स्कॅन करा. वेलांटी, रफार यांना वर आणि उकाराला खाली जागा सोडा, नाहीतर तारखेची ओळ उकारावर चढते.

छापखान्यात फाइल पाठवताना अक्षरं कर्व्हमध्ये बदला, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत. तिथे तो फॉन्ट नसला तर नावाच्या जागी भलतीच अक्षरं येतात. चार रंगांच्या पट्टीवर बारीक पांढरं अक्षरही नको. न्यूजप्रिंटवर शाई पसरते, रंग केसभर सरकले तरी अक्षर बुजतं.

ब्रीदवाक्य हवंच का? 'निर्भीड, निःपक्ष, सडेतोड' हे तर सगळ्यांचंच आहे. डॉ. आंबेडकरांचा 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाला, तेव्हा त्यावर तुकोबांची ओळ होती: 'काय करूं आतां धरूनिया भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ।।' नावात मुका आणि खाली तोंड वाजवणारी ओळ! असं काही सुचलं तरच टाका, नाहीतर जागा मोकळी ठेवा.

नोंदणीत नाव जसं आहे तसंच पट्टीत येऊ द्या, ऱ्हस्व-दीर्घासकट. मुद्रक-प्रकाशकाचा मजकूर आत प्रिंटलाइनमध्ये, तो पट्टीत कोंबायचं कारण नाही.

आणि दर दिवाळीला पट्टी बदलू नका. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने नावापुढचा साधा पूर्णविराम काढला तो १९६७ साली, पेपर सुरू होऊन ११५ वर्षं उलटल्यावर. आमच्या एका संपादकभाऊंनी दोन वर्षांत पाच पट्ट्या करून घेतल्या. पाचवीचे पैसे अजून यायचे आहेत.