टीसीएलचं पोतं उघडं, तर आल्याचा प्लॉट गेला

झड लागली आहे आणि आल्याच्या गादीवाफ्यात एखादं झाड शेंड्याकडून पिवळं पडत असेल, तर आज संध्याकाळच्या आत प्लॉट फिरून या. उघडीप मिळाल्यावर बघू म्हणालात तर वाफा हातचा जाईल.

कोरेगावपासून कराड, कडेगावपर्यंत कंदकुजीवर (आल्याचा गड्डा सडण्याच्या रोगावर) बहुतेकांचा हात पहिल्यांदा ब्लीचिंग पावडरीकडेच जातो. ग्रामपंचायतीत तिलाच टीसीएल म्हणतात. स्वस्त आहे, जागच्या जागी कामाचीही आहे. पण रोगाने बसलेल्या प्लॉटच्या मोटारीच्या खोलीत डोकावलं की तेच दिसतं: गेल्या हंगामात फोडलेलं पोतं, तोंड उघडं, बुडाला ओल, आत ढेकळं. त्यात जंतू मारणारा क्लोरीन उरलेला नसतो, उरलेला असतो चुना. शेतकरी तो खड्ड्यात टाकून निर्धास्त होतो, रोग शेजारच्या वाफ्यात उतरतो आणि मग दुकानदार महागड्या बाटल्या पुढे करतो.

ताज्या, चांगल्या पावडरीत ३२ ते ३४ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. हवा, ओल, ऊन आणि पत्र्याखालची उष्णता लागली की तो उडतो. गावच्या पाणीपुरवठ्यात २० टक्क्यांखालची पावडर नापास धरतात. आपण मात्र तीच पिकाला देतो. प्रयोगशाळा जवळ नसेल तर एवढं करा. प्लॅस्टिकच्या वाटीत चमचाभर पावडर कालवा, निवळू द्या, वरच्या निवळीचे थेंब रंगीत सुती चिंधीवर टाका. थोड्या वेळात रंग विटला तर माल जिवंत आहे. नाही विटला तर त्याचा भरवसा सोडा. वास बघायला पोत्यात नाक घालू नका.

वापरण्याआधी रोग ओळखा. पिवळ्या झाडाचं खोड बुडाशी कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात लोंबतं धरा. पाच-दहा मिनिटांत दुधासारखी बारीक धार खाली उतरली तर ती जिवाणूजन्य मर. धार नाही, पण बुंधा पाणचट, हलकेच ओढल्यावर उपटून येतो आणि गड्ड्याला घाण वास येतो, तर ती बुरशीची कूज. बुरशीच्या कुजीत कॉपर ऑक्सिक्लोराईड ५० टक्के, लिटरला २.५ ते ३ ग्रॅम, आजूबाजूच्या झाडांना आळवणी, म्हणजे द्रावण मुळाशी ओतायचं. जिवाणूजन्य मर असेल तर रोगट झाड गड्ड्यासकट मातीसहित काढून शेताबाहेर न्या आणि रिकाम्या खड्ड्यात टीसीएलची निवळी ओता, लिटरला २ ग्रॅमच्या हिशेबाने. हे शेवटचं विद्यापीठाचं नाही, शेतकऱ्यांच्या अनुभवाचं आहे. उभ्या पिकाच्या मुळाशी ओतू नका. बटाट्याच्या मरीसाठी मात्र शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेची शिफारस आहे: लागणीच्या वेळी सरीत हेक्टरी १२ किलो. पुसेगावकडच्या बटाटा लावणाऱ्या मंडळींनी पुढच्या खरिपासाठी लिहून ठेवावं.

शेणखत, सेंद्रिय गाळ, गढूळ पाणी यात क्लोरीन तिथंच खर्च होतो, रोगापर्यंत पोचतच नाही. ट्रायकोडर्मा (रोगाला रोखणारी उपयोगी बुरशी) सोडलंय त्याच जागी टीसीएल गेली तर ट्रायकोडर्माही मेलं. माझ्या मते दोन्हीत निदान दहा दिवस जाऊ द्यावेत.

आता जिवावरचं. ठिबक साफ करताना आम्ल आणि टीसीएल एका टाकीत, किंवा एकाच दिवशी, कधीच नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागी साठतो आणि छाती भरते. युरिया, अमोनियम सल्फेट, डिझेल यांच्या शेजारी पोतं नको. घातक वायू निघू शकतो, आगही लागू शकते. मोटारीच्या खोलीत ठेवलंत तर स्टार्टरचे पॉइंटसुद्धा गंजतील. झाकणाचा प्लॅस्टिक डबा, कोरडी सावली, जमिनीपासून वर, आणि हंगामापुरतीच खरेदी. डोळ्यात गेली तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.

या आठवड्याची बाकीची कामं:
– वाफ्यांच्या कडेचे चर मोकळे करणे, पाणी शेताबाहेर काढणे
– उघडे पडलेले गड्डे मातीने झाकणे
– नत्राचा हप्ता पाऊस उघडेपर्यंत थांबवणे
– रोगट वाफ्यातलं खुरपं, टिकाव धुऊनच पुढे नेणे

कृष्णाकाठी २०१९ आणि २०२१ सारखं पाणी पिण्याच्या विहिरीत शिरलं तर आधी गाळाचं पाणी उपसा. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला ७८५ ने गुणलं की लिटर येतात. एरवी १,००० लिटरला टीसीएल २.५ ग्रॅम, पुरानंतर मी दुप्पट धरतो. बादलीत कालवून निवळी तेवढी दोरीने खाली सोडा, विहिरीत उतरून ओतू नका. तासाभराने जलसुरक्षकाकडून (ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याकडून) ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का याची तपासणी, करून घ्या. पिवळी छटा आली नाही तर त्या दिवशी ते पाणी पिऊ नका.