रात्रभर उभी राहिलेली जुनी डिझेल गाडी सकाळी लवकर सुरू होत नसेल तर (माझा अनुभव)

सकाळी बराच वेळ स्टार्टर मारल्यावर इंजिन धरायचं. एकदा गरम झालं की दिवसभर चटकन सुरू. बॅटरी, ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत उष्णता देणारे प्लग) बदलूनही फरक नाही. पुण्याच्या थंडीत अगदी जेरीस आलो होतो.

दोष निघाला डिझेल लाइनमध्ये शिरणाऱ्या हवेचा. बाहेर थेंबही गळत नाही, म्हणून लक्षात येत नाही. खात्री अशी करा: चावी लावण्याआधी डिझेल फिल्टरवरचा हातपंप (हाताने दाबून डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप) घट्ट होईपर्यंत दाबा. लगेच सुरू झाली तर हवाच. माझ्या गाडीत फिल्टरच्या तोंडाशी पाइप कडक होऊन केसाएवढी चीर पडली होती. नाना पेठेतून डिझेलचा पाइप आणि क्लिपा आणून बसवल्या. मग ब्लीड स्क्रू (लाइनमधली हवा बाहेर काढायचा स्क्रू) सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारला, डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळला, पंप पुन्हा घट्ट होईपर्यंत दाबला. पाण्याचा साधा रबरी पाइप मात्र लावू नका, डिझेलने फुगतो.