नोकरीची कागदपत्रे आपल्याही घरी असू द्या

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी नोकरीला होतो, तेव्हा चौदा महिने पगारातून पीएफ कापला जात होता आणि पगारपत्रकावर तसे छापूनही येत होते. खात्यात मात्र एक रुपयाही भरलेला नव्हता. मालक घरच्यासारखे वागत, दिवाळीला मिठाईचा डबा पाठवत, त्यामुळे पीएफचे पासबुक उघडून पाहावे असे मला कधी सुचलेच नाही.

म्हणून सुरुवात पासबुकापासून करावी. आपला यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, आपल्याच मोबाईल क्रमांकाशी जोडलेला आहे ना, हे आधी तपासावे, नाहीतर ओटीपी भलत्याच माणसाकडे जातो. मालकाने मागील महिन्याची रक्कम 15 तारखेपर्यंत भरायची असते. ती मुदत उलटली की उमंग ॲपवर पासबुक उघडावे. पीएफसाठी धरलेला पगार 15,000 रुपये असेल, तर 12 टक्के दराने आपले 1,800, मालकाच्या हिश्श्यातले 550 आणि पेन्शनचे 1,250 असे तीन आकडे दिसले पाहिजेत. नोंद चढायला थोडे मागेपुढे होते, पण सलग दोन महिने रकाने रिकामे दिसले तर ईमेलनेच विचारणा करावी, कारण तोंडी विचारले की 'थई जशे' (होऊन जाईल) यापलीकडे उत्तर येत नाही. त्यानेही काम झाले नाही, तर पगारपत्रके आणि बँकेचा उतारा जोडून पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओ या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर तक्रार नोंदवावी. कापलेली रक्कम न भरणे हा कायद्याने फौजदारीपात्र न्यासभंग, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या पैशाचा अपहार ठरतो, हे मालकांनाही ठाऊक असते. माझे पैसे तक्रारीनंतर जमा झाले, ते आईने चौदाही पगारपत्रके देवघराखालच्या ट्रंकेत जपून ठेवली होती म्हणून.

नेमणूकपत्र, पगारवाढीचे पत्र, फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या आयकराचा दाखला) आणि रजेच्या मंजुऱ्या मिळतील तशा स्वतःकडे उतरवून घ्याव्यात. राजीनामा दिल्यावर कंपनीचा ईमेल कधी बंद होईल याचा नेम नसतो. कंपनीची रेखाचित्रे किंवा ग्राहकांच्या याद्या मात्र घरी आणू नयेत, कारण मग दोषी आपणच ठरतो.

पदवीचे मूळ प्रमाणपत्र कोणाच्याही ताब्यात देऊ नये. दाखवून परत घ्यावे आणि स्वतः साक्षांकित केलेली प्रत द्यावी. कोऱ्या कागदावर सही तर कधीच करू नये.

नोकरी सोडताना सर्वांत जास्त जपावे. गुजरातेत राहणारे आपण मराठी लोक गुजराती सहज बोलतो, पण कायदेशीर गुजराती वाचताना आपल्यातले बरेच जण अडखळतात, आणि नेमक्या त्याच भाषेत 'संपूर्ण हिशेब मिळाला, आता काहीही बाकी नाही' असा कागद घाईघाईने पुढे सरकवला जातो. तो घरी नेऊन जाणत्या माणसाकडून वाचून घेण्यासाठी एक दिवस मागावा. रक्कम बँकेत जमा होईपर्यंत सही करू नये, आणि करताना प्रत्यक्ष मिळालेला आकडा व त्या दिवसाची तारीख सहीशेजारी स्वतःच्या अक्षरात लिहून त्या कागदाचा फोटो तिथल्या तिथे काढून घ्यावा.