क्लाउड सोडायचं ठरवलं होतं, नाही सोडलं. मग निदान नीट तरी वापरा

दर दोन-तीन महिन्यांनी घरात कुणाच्या तरी फोनवर "स्टोरेज भरत आलंय" येतं आणि मग तोच वाद, की क्लाउडला, म्हणजे इंटरनेटवर गुगल-अ‍ॅपलकडे फोटो ठेवायला, दर महिन्याला पैसे कशाला भरायचे, एकदाची हार्ड डिस्क घे आणि टाक सगळं त्यात. मी हे करून बसलोय. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून 1 टीबीची डिस्क आणली, अख्खा रविवार घालवून फोटो भरले, लय भारी वाटलं. मग ती डिस्क गेली कपाटात साड्यांच्या खाली आणि आठ महिने कोणी हात लावला नाही, आणि मधेच बायकोचा फोन लोकलच्या गर्दीत मारला कोणीतरी. त्या आठ महिन्यांचे फोटो वाचले ते फक्त तिने क्लाउड बॅकअप चालू ठेवला होता म्हणून. बंद कर असं मीच सांगितलेलं, तिने ऐकलं नाही, नशीब माझं.

लोक क्लाउड सोडत नाहीत ते यामुळेच, तिथे आपल्याला काहीच करावं लागत नाही. रात्री फोन चार्जिंगला, वायफाय चालू, झालं काम. डिस्कला शिस्त लागते आणि ती आपल्यात नाही. वर मुंबईतली घरं, वन रूम किचनमध्ये फोन, लॅपटॉप, डिस्क सगळं एकाच कपाटात, ओल आलेल्या भिंतीला टेकून. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला तेव्हा तळमजल्यावाल्यांचे लग्नाचे अल्बम कसे चिकटले होते ते आठवतंय ना? एक कॉपी घराबाहेर हवीच.

तर आता, पैसे भरायच्या आधी जागा कुठे जातेय ते बघा. गुगलचे फुकट 15 जीबी हे जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून आहेत. 1 जून 2021 पासून नवीन फोटो कमी क्वालिटीत टाकले तरी त्यातच मोजतात, आणि आता अँड्रॉइडवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपही त्यातच. (आयफोनवाल्यांना अ‍ॅपलच्या आयक्लाउडवर तर 5 च जीबी फुकट.) बहुतेक घरांत चोर व्हॉट्सअ‍ॅपच निघतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज उघडा, मोठमोठे व्हिडिओ आणि खूप वेळा फॉरवर्ड झालेलं सगळं तिथे वेगळं काढून दाखवतं, सोसायटीच्या ग्रुपवरचे शुभ सकाळ बिनधास्त उडवा. पोरांच्या गॅदरिंगचे व्हिडिओ मात्र आधी गॅलरीत सेव्ह करा. मग चॅट बॅकअपमध्ये जाऊन व्हिडिओ घ्यायचं बटण बंद करा आणि नवा बॅकअप मारा. जागा पूर्ण भरू देऊ नका, भरली की जीमेलला नवीन मेल यायचेच बंद होतात, मग बँकेचा मेल का नाही आला म्हणून शोधत बसाल.

एका गोष्टीत सगळे फसतात. फोनवर जागा हवी म्हणून गुगल फोटोजमधून फोटो डिलीट केला तर तो क्लाउडवरूनही जातो! बॅकअप झालेला असेल तर 60 दिवस ट्रॅशमध्ये राहतो, नंतर गेला. त्यापेक्षा "फ्री अप स्पेस" वापरा, ते फक्त बॅकअप झालेल्या फोटोंची फोनमधली कॉपी काढतं. आईबाबांच्या फोनवर हे तुम्हीच करून द्या.

एवढं करूनही जागा पुरत नसेल तर घ्या प्लॅन, पण प्रत्येकाने वेगळा नको. गुगल वनचा एक प्लॅन घरच्या आणखी पाच जणांना वाटता येतो आणि कुणाचे फोटो कुणाला दिसत नाहीत.

कागदपत्रांचं मात्र वेगळं. लिव्ह अँड लायसन्सच्या (भाडेकराराच्या) वेळी ब्रोकरला आधार-पॅनच्या फोल्डरची लिंक पाठवतो आपण, "लिंक असलेल्या कोणालाही" असं ठेवून, आणि घर बदललं तरी ती लिंक उघडीच. आज ड्राइव्हमध्ये जाऊन बघा, शेअरिंग "रिस्ट्रिक्टेड" करा. आधार, ड्रायव्हिंग लायसन्स तर डिजिलॉकरमधूनच दाखवता येतं.

आणि डिस्क फेकू नका हां. वर्षातून एकदा, मी गणपतीच्या सुट्टीत करतो, गुगल टेकआउटमधून (गुगलवरचा आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) फक्त फोटोज निवडून सगळं उतरवून घ्या. झिपचा साइज मोठा निवडा नाहीतर पन्नास तुकडे येतील, आणि लिंक आठवड्याभरातच संपते तेव्हा मेल आला की लगेच उतरवा. त्याच दिवशी गुगल अकाउंटचा रिकव्हरीचा मोबाइल नंबर (पासवर्ड विसरलात तर लागतो तो) पण तपासा, बंद पडलेल्या जुन्या सिमचा असेल तर आधी तो बदला.